बोटीचं उत्तर धक्क्यावर सापडलं: लाव्हिक–ओप्पेदाल विजेरी फेरीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कोणतं

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाव्हिक नावाचं छोटं गाव आहे. समोर सोग्नेफ्योर्डचं पाणी (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून जमिनीत शिरलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी) आणि पलीकडच्या काठावर ओप्पेदाल. मधलं अंतर ५.७ किलोमीटर. २०१५ साली या पट्ट्यावर ‘ॲम्पिअर’ नावाची फेरीबोट धावू लागली. एका वेळी १२० गाड्या आणि ३६० माणसं नेणारी ही बोट पूर्णपणे बॅटरीवर चालते. एवढ्या आकाराची अशी फेरीबोट जगात त्याआधी नव्हती.

या बोटीबद्दल बरंच लिहिलं गेलं, पण बहुतेक लिखाण बॅटरीभोवती फिरतं. मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो धक्क्यावरचा भाग: वीज कुठून आली, कशी आली, आणि ती येणार नाही हे कळल्यावर काय केलं. म्हणून हे प्रकरण त्या बाजूने मांडतो आहे. मार्ग, बोट आणि संस्था सार्वजनिक नोंदीतल्या आहेत, व्यक्तींची नावं मुद्दाम गाळली आहेत. जिथे हिशोब माझा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

सोग्नेफ्योर्ड समुद्रातून २०० किलोमीटरहून जास्त आत शिरतो आणि काही ठिकाणी तेराशे मीटर खोल आहे. अशा पाण्यावर नेहमीचा पूल बांधता येत नाही. त्यामुळे क्रिस्तियानसान ते त्रोन्हाइम जाणारा ‘ई-३९’ हा किनारी महामार्ग वाटेत अनेकदा पाण्यापाशी येऊन थांबतो आणि पुढचा तुकडा फेरीबोटीवरून पार करावा लागतो. तिथल्या लोकांच्या दृष्टीने फेरीबोट हा रस्ताच. ती बंद पडली तर रुग्णवाहिका, दुधाची गाडी, कामाला जाणारा माणूस, सगळेच अडकतात.

महामार्गावरच्या या फेऱ्यांची व्यवस्था सरकारी रस्ते प्राधिकरण बघतं. बोटी खासगी कंपन्यांच्या असतात. ठराविक वर्षांसाठी मार्गाचा ठेका निघतो, कंपन्या बोली लावतात, जिंकणारी कंपनी बोटी आणि माणसं पुरवते. म्हणजे बोट कशी असावी हे बऱ्याच अंशी निविदेतल्या अटी ठरवतात. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

२०१० साली नॉर्वेने या मार्गासाठी नेहमीपेक्षा वेगळी निविदा काढली. ‘अमुक इंजिन, तमुक इंधन’ असं त्यात सांगितलं नव्हतं. ऊर्जा कमी लागावी, उत्सर्जन कमी व्हावं, तंत्र नवीन असावं, आणि तरीही वेळापत्रक पाळलं जावं, एवढं मागितलं होतं. बदल्यात जिंकणाऱ्याला दहा वर्षांचा ठेका, २०१५ ते २०२५. नव्या तंत्रावर घातलेला पैसा वसूल व्हायला तेवढा काळ लागतो, हे मागणाऱ्यानेच मान्य केलं होतं.

२०११ मध्ये नॉर्लेड ही फेरी कंपनी जिंकली. तिच्यासोबत दोन भागीदार होते. हार्डांगर फ्योर्डवरच्या ओमास्ट्रांड गावातली फ्येल्स्ट्रांड ही जहाजबांधणी गोदी, जिचा हात ॲल्युमिनियमच्या वेगवान कॅटमरानवर, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटींवर, बसलेला होता. आणि विजेच्या यंत्रणेसाठी सीमेन्स.

अडचण

बोट विजेवर चालवायची, एवढं ठरवणं सोपं होतं. नॉर्वेत सुमारे नव्वद टक्के वीज जलविद्युत केंद्रांतून येते, म्हणजे बॅटरीत भरलेली वीज बहुतांशी धुराशिवायची. मार्ग ठरलेला, अंतर ठरलेलं, दिवसाच्या खेपा ठरलेल्या. विजेरी वाहनाला याहून सोयीचं काम मिळत नाही.

आता वेळापत्रक बघा. एक खेप सुमारे २० मिनिटांची. धक्क्यावर गाड्या उतरवून नव्या चढवायला सुमारे १० मिनिटं. दिवसाला ३४ खेपा. सीमेन्सने दिलेल्या माहितीनुसार एका खेपेला सरासरी १५० युनिट वीज लागते. (आपल्या वीजबिलावरचं युनिट तेच इथलं युनिट.) म्हणजे धक्क्यावरच्या दहा मिनिटांत १५० युनिट भरायचे. साधा गुणाकार केला तर दहा मिनिटं सलग ९०० किलोवॅटचा भार येतो.

आणि लाव्हिक, ओप्पेदाल ही गावं वीजवाहिनीच्या टोकाला आहेत. थोडी घरं, थोडी शेती, धक्का. तिथली वाहिनी त्या गावांच्या गरजेपुरती बांधलेली. त्या वाहिनीवर दर तासाला एकदा अचानक ९०० किलोवॅट लादले तर गावातले दिवे मंद होतील, व्होल्टेज कोसळेल. यातली मन लावून बघण्यासारखी गोष्ट अशी की सोग्न या भागातल्या डोंगरांत मोठमोठी जलविद्युत केंद्रं आहेत. वीज डोळ्यांसमोर तयार होते, पण ती उच्चदाबाने दूर निघून जाते. गावाच्या वाट्याला येते ती बारीक तार.

त्यामुळे बोटीच्या आराखड्याएवढाच धक्क्याचा आराखडा महत्त्वाचा ठरला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय इंधन बदलण्याचा. नॉर्वेत हे नवीन नव्हतं. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी जगातली पहिली फेरीबोट ‘ग्लुत्रा’ तिथेच २००० साली सुरू झाली होती, आणि २०१० पर्यंत तशा आणखी बोटी धावत होत्या. वायू जळताना काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी निघतात. पण न जळलेला मिथेन निसटतो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने तीव्र असतो. शिवाय टाकी, पुरवठा आणि सुरक्षेची सगळी सोय वेगळी करावी लागते. चाचपलेली वाट होती, पण निविदेत मागितलेली उडी तिने मारली नसती.

दुसरा पर्याय डिझेल-बॅटरी हायब्रिड. यात जोखीम कमी. चार्जिंग बिघडलं तरी डिझेल आहे. अशा जागी बसलेला बहुतेक व्यवस्थापक हाच पर्याय निवडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण दोन यंत्रणा बाळगायच्या म्हणजे दोन्हीचं वजन, दोन्हीची देखभाल. आणि डिझेल हाताशी असलं की धक्क्यावरची अडचण सोडवण्याची घाई कुणालाच राहत नाही.

तिसरा पर्याय पूर्ण बॅटरीचा. तो घेतला, आणि मग खरा प्रश्न समोर आला: वीज धक्क्यापर्यंत कशी आणायची?

इथे पुन्हा वाटा फुटतात. एक, वीजवाहिनी आणि उपकेंद्र वाढवणं. सरळ उपाय, पण खर्चिक आणि वेळखाऊ. दिवसभरातला मोठा वेळ ती वाढीव क्षमता पडून राहणार. दोन, धक्क्यावर जास्त वेळ थांबणं. हळू भरलं की भार कमी होतो. पण बोट जास्त थांबली तर खेपा कमी होतात किंवा पाण्यावरचा वेग वाढवावा लागतो. वेगाचं गणित निर्दयी आहे. साधारण नियम असा की बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० मिनिटांची खेप १८ मिनिटांत करायची तर वेग ११ टक्के वाढतो, शक्ती सुमारे ३७ टक्के वाढते, आणि वेळ कमी लागूनही त्या खेपेची एकूण ऊर्जा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. धक्क्यावर घेतलेली दोन मिनिटं पाण्यावर अशी फेडावी लागतात. तीन, बोटीवर एवढी मोठी बॅटरी बसवणं की दिवसभर चार्जिंग लागूच नये, सगळं रात्री. माझा हिशोब असा: ३४ खेपा गुणिले १५० म्हणजे ५,१०० युनिट. बसवलेल्या बॅटरीच्या पाच पटींहून जास्त, वजन आणि किंमतही त्याच पटीत.

चार, धक्क्यावरच बॅटरी ठेवणं.

प्रत्यक्षात काय केलं

दोन्ही काठांवर एकेक बॅटरीघर उभारलं गेलं. सीमेन्सच्या माहितीनुसार प्रत्येकाची क्षमता २६० युनिट. बोट दूर असताना हे बॅटरीघर गावच्या वाहिनीतून हळूहळू भरतं. बोट लागली की दहा मिनिटांत साठा बोटीत ओततं. बोट गेली की पुन्हा संथपणे भरायला लागतं. उन्हाळ्यात नळाला बारीक धार असते तेव्हा घरात आपण टाकी भरत ठेवतो आणि लागेल तेव्हा बादलीने काढतो, तीच ही पद्धत.

बोट साधारण तासाने त्याच काठाला परत येते. वीस मिनिटं जाणं, दहा मिनिटं पलीकडे, वीस मिनिटं येणं. म्हणजे बॅटरीघराला भरायला पन्नास मिनिटं मिळतात. १५० युनिट पन्नास मिनिटांत भरायचे तर सरासरी १८० किलोवॅट पुरतात. चार्जिंगच्या दहा मिनिटांतही वाहिनी थेट थोडी वीज देत राहिली तर भार आणखी खाली येतो. ९०० किलोवॅटचं शिखर असं १५० ते १८० किलोवॅटच्या सपाट रेषेवर आलं. हे आकडे माझ्या ढोबळ हिशोबाचे आहेत, पण मांडणीतलं तत्त्व हेच.

याची किंमत आहे. वाहिनीतून काठावरच्या बॅटरीत, तिथून बोटीच्या बॅटरीत, अशा दोन पायऱ्यांत वीज थोडी उष्णता होऊन वाया जाते. नुसत्या कार्यक्षमतेच्या नजरेने पाहिलं तर थेट जोडणी जास्त चांगली. इथे थोडी ऊर्जा सोडून देऊन सगळी योजनाच शक्य केली गेली. मला हा या प्रकरणातला सगळ्यात परिपक्व निर्णय वाटतो. प्रत्येक पायरीवर जास्तीत जास्त कार्यक्षमतेचा हट्ट धरला असता तर बोट डिझेलवरच राहिली असती.

बोटीवर सुमारे १,००० युनिटची लिथियम बॅटरी बसवली. वजन १० टन. हिशोबाने सहा खेपांना पुरेल एवढी, मग दर खेपेनंतर चार्जिंग कशाला? कारण बॅटरीचं आयुष्य ती किती खोल रिकामी होते यावर ठरतं. दर खेपेला थोडीच वापरायची आणि लगेच भरायची, तर ती कितीतरी जास्त वर्षं टिकते. आणि एका काठाचं चार्जिंग बिघडलं तरी दुसऱ्या काठापर्यंत जायला, परत यायला शिल्लक राहते. मोठी बॅटरी इथे अंतरासाठी घेतलेली नाही, आयुष्यासाठी आणि निर्धास्तपणासाठी घेतली आहे.

मग सांगाडा. फ्येल्स्ट्रांडने ८० मीटर लांब आणि सुमारे २१ मीटर रुंद ॲल्युमिनियमचं कॅटमरान बांधलं. दोन सडपातळ सांगाडे, वर गाड्यांचा डेक. दहा टनांची बॅटरी धरूनही तिचं वजन त्याच कामाच्या नेहमीच्या पोलादी फेरीबोटीच्या निम्मं असल्याचं सांगितलं गेलं. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या दोन मोटरी तिला १० नॉटच्या आसपास वेग देतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. नेहमीची फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा गाड्या चढ-उतार होईपर्यंत तिचे पाण्यातले पंखे चालूच असतात. बोट रॅम्पला टेकून राहावी म्हणून इंजिन तिला ढकलत राहतं. म्हणजे जागेवर उभं राहायलाही इंधन जळतं. ॲम्पिअरसाठी धक्क्यावर निर्वात पकड बसवली. मोठे चूषक पट्टे बोटीची बाजू ओढून धरतात, पंखे बंद करता येतात. शिवाय बोट स्थिर राहिल्याने चार्जिंगचा जोड नीट बसतो. भरती-ओहोटीने बोट वर-खाली होते, लाटेने हलते, गाड्या चढल्या की खाली दबते. एवढ्या हालचालीत शेकडो किलोवॅटचा जोड आपोआप लागायला हवा, आपोआप सुटायला हवा. घाईत खलाशांनी जाड केबली ओढायच्या असं ठेवलं असतं तर दहातली तीन-चार मिनिटं त्यातच गेली असती.

निकाल

बोट २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तयार झाली आणि २०१५ मध्ये प्रवाशांच्या सेवेत आली. तिला नॉर्वेच्या जहाज-क्षेत्रातला २०१४ चा ‘वर्षातील जहाज’ हा सन्मान मिळाला.

तुलनेसाठी सीमेन्सने दिलेला आकडा असा: याच मार्गावर नेहमीची डिझेल फेरीबोट वर्षाला सुमारे १० लाख लिटर डिझेल जाळते, आणि त्यातून २,६८० टन कार्बन डायऑक्साइड आणि ३७ टन नायट्रोजन ऑक्साइड निघतात.

हा आकडा मी खेपांशी ताडून पाहिला. वर्षाच्या सुमारे १२,४०० खेपा होतात, म्हणजे एका खेपेला साधारण ८० लिटर डिझेल. एका लिटरमध्ये ढोबळमानाने १० युनिट उष्णता, म्हणजे ८०० युनिट. चांगलं डिझेल इंजिन त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास पंख्यापर्यंत पोहोचवतं, बाकी धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून जातं. पंख्याला मिळाले तीनशे-सव्वातीनशे युनिट. ॲम्पिअर तेच काम १५० युनिटमध्ये करते. इथे थांबून विचार करायला हवा. ही निम्मी बचत मोटरीने झाली असं म्हणता येत नाही, कारण ही तुलना पंख्यापाशी आलेल्या शक्तीची आहे. ती आली हलक्या, सडपातळ सांगाड्यातून आणि धक्क्यावर बंद राहणाऱ्या पंख्यांतून. जुन्या जड पोलादी बोटीत नुसती बॅटरी कोंबली असती तर बॅटरी दुप्पट लागली असती, धक्क्यावरचं बॅटरीघर दुप्पट, गावच्या वाहिनीवरचा भार दुप्पट. ‘आधी गरज कमी करा, मग स्रोत बदला’ हे घरगुती वीजबचतीतलं साधं शहाणपण इथे कोट्यवधींच्या निर्णयात वापरलेलं दिसतं.

खर्चाच्या बचतीचे आकडे मात्र जपून घ्यावेत. कंपन्यांकडून कधी ६० टक्के, कधी ८० टक्के अशी बचत सांगितली गेली. नुसतं इंधन धरलं, देखभाल धरली, की धक्क्यावरची गुंतवणूकही धरली, यावर आकडा हलतो. उत्सर्जनातली घट त्या मानाने निःसंशय आहे, कारण तिथली वीजच पाण्याची आहे.

परिणाम एका बोटीपुरता राहिला नाही. २०१५ मध्ये सीमेन्स आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेने नॉर्वेच्या सुमारे १८० फेरीबोटींचा अभ्यास केला. त्यातल्या ८४ बॅटरीसाठी आणि ४३ हायब्रिडसाठी आर्थिकदृष्ट्या योग्य असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच सुमारास नॉर्वेच्या संसदेने सरकारला सांगितलं की तंत्र उपलब्ध असेल तिथे फेरीच्या पुढच्या निविदांत शून्य किंवा कमी उत्सर्जनाची अट घाला. २०१८ मध्ये ई-३९ वरच्याच अंदा–लोते मार्गावर विजेरी बोटी आल्या. २०२१ मध्ये ओस्लो फ्योर्डवर मॉस–हॉर्तेन मार्गावर ‘बास्टो इलेक्ट्रिक’ आली, जिच्यावर ४,३०० युनिटची बॅटरी आहे, ॲम्पिअरच्या चौपटीहून जास्त.

वेगळं काय करता आलं असतं

वीजवाहिनीची क्षमता ही माहिती निविदेचाच भाग असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. बोट कंपनी पाण्यातली जाणकार. गावचा फीडर किती भार उचलतो हे तिला कसं माहीत असणार? ते सरकार आणि वीज कंपनीला माहीत असतं. ॲम्पिअरच्या वेळी सोबत सीमेन्ससारखा भागीदार होता म्हणून मार्ग निघाला. दोन-तीन बोटी चालवणाऱ्या छोट्या कंपनीला हे ओझं पेलत नाही, ती बोलीच लावत नाही.

दुसरा मुद्दा मालकीचा. ठेका दहा वर्षांचा, बोट तीस वर्षांची, धक्का पन्नास वर्षांचा. धक्क्यावरची चार्जिंग यंत्रणा ठेकेदाराच्या बोटीला बेतून बसवली, तर ठेका संपल्यावर तिचं काय? नवा ठेकेदार वेगळ्या उंचीची, वेगळ्या जोडाची बोट घेऊन आला तर चालू यंत्रणा काढून टाकायची? पहिल्या प्रयोगात सगळं एका हातात असणं सोयीचं होतं, आणि तेव्हा जोडाचं कुठलं प्रमाण ठरलेलंही नव्हतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या मार्गापासून बॅटरीघर आणि जोड रस्त्यासारखे सार्वजनिक मालकीचे ठेवून, जोडाचं माप निविदेत बांधून देणं शहाणपणाचं ठरलं असतं. रॅम्पची रुंदी ठेकेदारागणिक बदलत नाही, मग चार्जिंगचा जोड का बदलावा?

तिसरा मुद्दा आगीचा, आणि तो नजरेआड करून चालणार नाही. १० ऑक्टोबर २०१९ रोजी नॉर्वेच्याच किनाऱ्यावर, नॉर्लेडच्याच ‘इत्तेरयॉयनिंगेन’ या बॅटरी-डिझेल फेरीबोटीच्या बॅटरी-खोलीत आग लागली. प्रवाशांना सुखरूप उतरवलं गेलं. आग विझल्यासारखी वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेल्या जवानांना विषारी वायूंच्या संशयाने तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. बॅटरी जळते तेव्हा ज्वाला विझल्यावरही वायू निघत राहतो, हे जहाजावरच्या माणसांइतकंच किनाऱ्यावरच्या अग्निशमन दलालाही माहीत असायला हवं. छोट्या गावात ते दल म्हणजे बहुधा इतर कामधंदा करणारे स्वयंसेवक. नव्या बोटीच्या खर्चात त्यांचं प्रशिक्षण आणि साधनं पहिल्या दिवसापासून धरलेली असावीत. काठावरच्या बॅटरीघराला हे आणखीच लागू, कारण ते लोकवस्तीच्या जवळ असतं.

एका गोष्टीत मी माझं मत बदललं. सुरुवातीला मला वाटलं होतं की हायब्रिड घेऊन दोन वर्षं अनुभव घ्यायला हवा होता. पण महामार्गाच्या या पट्ट्यावर इतर पारंपरिक बोटीही धावत होत्या. ॲम्पिअर बंद पडली असती तरी रस्ता बंद पडला नसता. पर्यायी डिझेल बोटीच्या पोटात ठेवण्याऐवजी शेजारच्या बोटीत ठेवलं गेलं. जिथे एकच बोट आहे अशा ठिकाणी हा निर्णय आंधळेपणाने उचलू नये.

कोकणातल्या खाड्यांसाठी

आपल्याकडे दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी अशा खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. लोक त्यांना जंगलजेटी म्हणतात. अंतरं लाव्हिकपेक्षा कमी, मार्ग ठरलेला, दिवसभर त्याच दोन काठांमध्ये ये-जा. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० पासून आहे, तिचं अंतर जास्त आणि पाणी उघडं, म्हणून तिचा विचार वेगळा करावा लागेल. आणि भारतात हे होत नाही असंही नाही. केरळात वैकम–तवणक्कडव मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरबोट जानेवारी २०१७ पासून धावते आहे. तिथेही कॅटमरानचा हलका सांगाडा आधी, आणि २० किलोवॅटचं सौरछत नंतर, असाच क्रम होता.

फरकही मोठे आहेत. आपली वीज बहुतांशी कोळशाची, त्यामुळे कार्बनची बचत नॉर्वेइतकी दिसणार नाही. मोटरीची कार्यक्षमता, खाडीत न सांडणारं डिझेल, जेटीवर न येणारा धूर हे फायदे मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात. पावसाळ्यातली हवा आणि खारं पाणी विजेच्या जोडाला छळणार. आणि वीजवाहिनी गावाच्या टोकाचीच.

दाभोळच्या खाडीपाशी उभं राहिलं की लाव्हिक आठवतं ते यामुळे. कोयनेचं १,९६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र वीज तयार करून झाल्यावर बहुतेक पाणी वाशिष्ठीत सोडतं, आणि ते याच खाडीतून समुद्राला मिळतं. धोपाव्याच्या बाजूला अंजनवेलला वायूवर चालणारा मोठा वीजप्रकल्प आहे. बोट ज्या पाण्यावर तरंगते त्या पाण्याने वीज दिलेली आहे, पण जेटीवरच्या डीपीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे कुणी विजेरी जंगलजेटीची निविदा लिहायला बसलं, तर बोटीची लांबी आणि गाड्यांची संख्या लिहिण्याआधी एक छोटं काम करता येईल: दोन्ही काठांवरच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता, मे महिन्यातल्या संध्याकाळी पर्यटकांची गर्दी असताना त्यावर असलेला भार आणि तिथलं व्होल्टेज, महिनाभर दर पंधरा मिनिटांनी नोंदवायचं. बॅटरीघर किती मोठं हवं हे अशाच नोंदींवरून ठरतं. दाभोळ आणि धोपाव्यालाही तसंच ठरेल, आणि दोन काठांचं उत्तर एकच येईल असंही नाही.